पुढाऱ्याविषयीं लिहावें कसें?

१९५४ सालच्या मे महिन्यांत भंडारा मतदारसंघांत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भंडारा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रदेश राज्यांत होता, राज्याची राजधानी नागपूर होती, आणि आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यांतच समाविष्ट होता. या निवडणुकींत डॉ. भीमराव आंबेडकर राखीव जागेसाठीं उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनीं त्यांचा आठ हजारांहून अधिक मतांनीं पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. एवढी हकीकत निर्विवाद आहे. परंतु ती कागदावर उतरवावयास कोणीही बसला कीं तंटा उभा राहतो, आणि तो तंटा घडलेल्या गोष्टीविषयीं नसून ती सांगणाऱ्या शब्दांविषयीं असतो.

वाचकांनीं पुढील चार वाक्यें पाहावीं. ‘घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांस भंडाऱ्याच्या मतदारांनीं नाकारलें.’ ‘राज्यसभेचे सभासद असतांनाही डॉ. आंबेडकर लोकसभेसाठीं उभे राहिले व पडले.’ ‘ज्यांनीं राखीव जागांच्या करारावर सही केली, तेच राखीव जागेवर निवडून येऊं शकले नाहींत.’ ‘अनुसूचित जातीच्याच एका काँग्रेस उमेदवारानें डॉ. आंबेडकरांचा पराभव केला.’ यांतील एकही वाक्य खोटें नाहीं. तरी पहिलें मतदारांस कृतघ्न ठरवितें, दुसरें उमेदवारास लोभी ठरवितें, तिसरें निवडणुकीच्या पद्धतीस दोष देतें, आणि चौथें असें सुचवितें कीं, दलितांचे एकमेव पुढारी ही त्यांची ख्याति पोकळ होती. खोटें न बोलतांही पक्षपात करतां येतो, आणि आमच्या समजुतीनें वर्तमानपत्रांतील बहुतेक पक्षपात याच जातीचा असतो.

मग निःपक्षपाती लेखकानें काय करावें? चारही वाक्यें एकाखालीं एक मांडून हात झटकावे काय? अशानें वाचकाच्या पदरांत चार पक्षपात पडतील, ज्ञान मात्र कांहींच पडणार नाहीं. त्यानें प्रथम ती निवडणूक कशी होत असे तें सांगावें. भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठीं राखीव. प्रत्येक मतदारास दोन मतें. आणि राखीव जागेचा उमेदवार निवडण्याचा अधिकार केवळ अनुसूचित जातींच्या मतदारांस नसून मतदारसंघांतील सर्वांस. ही पद्धति पुढें १९६१ च्या कायद्यानें बंद झाली. तिचें मूळ १९३२ च्या सप्टेंबरांत येरवड्याच्या तुरुंगांत झालेल्या पुणें कराराशीं जाऊन भिडतें. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनल्ड यांनीं अस्पृश्य मानलेल्या वर्गांस स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध महात्मा गांधींनीं उपोषण आरंभिलें. अखेर स्वतंत्र मतदारसंघ जाऊन प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा व संयुक्त मतदान असें ठरलें. त्या करारावर डॉ. आंबेडकरांनीं सही केली, आणि पुढें त्यावर कठोर टीकाही त्यांनींच केली. संयुक्त मतदानांत राखीव जागेचा निकाल बहुसंख्य समाजाच्या हातीं जातो, हा त्या टीकेचा गाभा होता.

एवढें सांगितल्यावर १९५४ चा निकाल निराळा दिसूं लागतो. आतां वाचक आपण होऊन विचारील कीं, अशोक मेहता ज्या मतांवर निवडून आले त्यांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मतदारांचा वांटा किती, आणि समाजवाद्यांच्या मतदारांनीं आपलें दुसरें मत कोणास दिलें? डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांत अशी आठवण सांगतात कीं, दुसरें मत कोणासच न देतां फुकट घालवावें हा सल्ला त्यांनीं मानला नाहीं. घटना लिहिणाऱ्यानें मत वाया घालवावयास सांगणें त्यांस शोभलें नसतें. ही आठवण कोणाची, तें लिहून ती छापण्यास आमची हरकत नाहीं. रोजमेळांत रक्कम लिहितांना ती कोणाच्या नांवची हें न लिहिणाऱ्या मुनिमास कोणता दुकानदार ठेवून घेईल? ‘असें म्हणतात’ एवढेंच लिहून मोकळा होणारा संपादक त्याच मुनिमाचा भाऊ समजावा.

येथवरचा प्रश्न कोणत्याही भाषेंत उद्भवेल. मराठींत आणखी एक अडचण आहे, व ती आमच्या व्याकरणाचीच आहे. इंग्रजी लेखकास राजा व रंक यांच्यासाठीं क्रियापद बदलावें लागत नाहीं. मराठींत ‘तो म्हणाला’ कीं ‘ते म्हणाले’ हें ठरविल्यावांचून वाक्यच पुरें होत नाहीं. म्हणजे पुढाऱ्याविषयीं पहिलें अक्षर लिहितांच लेखकानें त्यास कोठें बसविलें तें उघड होतें. शिवाजी महाराजांविषयीं जुन्या इतिहासग्रंथांत सर्रास एकवचन आढळतें, आणि तें अनादरानें लिहिलेलें नव्हतें. आज तसें कोणी लिहील तर त्यास उत्तर द्यावें लागेल. नांवाचीही तीच गोष्ट. नुसतें ‘आंबेडकर’ लिहिल्यास एका वाचकास तें उर्मट वाटतें, ‘बाबासाहेब’ लिहिल्यास दुसऱ्यास वाटतें कीं लेखकानें हातीं निळा झेंडा घेतला. डिसेंबर १९२० मध्यें आपल्या शेजारच्या नागपुरांत काँग्रेस भरली असतां बॅरिस्टर जिना ‘मिस्टर गांधी’ म्हणाले, तेव्हां सभेंतून ‘महात्मा गांधी म्हणा’ असा गिल्ला झाला. असहकाराच्या ठरावावरील त्यांचे आक्षेप चांगले कीं वाईट, याचा विचार त्या गोंगाटांत मागें पडला. डॉ. आंबेडकरही आपल्या इंग्रजी लेखनांत ‘मिस्टर गांधी’ असेंच लिहीत. उपाधि नाकारणें हीही एक भूमिकाच असते, हें विसरूं नये.

आमचें मत विचाराल तर आदरार्थी बहुवचनाचा नियम सर्वांस एकच असावा. पुढारी जिंकलेला असो कीं पडलेला, ब्राह्मण असो, कुणबी असो कीं महार, क्रियापद एकच. हें बोलावयास सोपें आहे. पण मामलेदार ‘आले’ आणि कोतवाल ‘आला’, डॉक्टर ‘म्हणाले’ आणि झाडूवाला ‘म्हणाला’, असें लिहिण्याची संवय आमच्या हाडीं खिळली आहे. ज्या समाजांतील साक्षीदारास, फिर्यादीस व मजुरास वर्तमानपत्रांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकवचनांत छापलें, तो समाज आपल्या पुढाऱ्याच्या नांवामागील उपाधीविषयीं जागरूक असेल तर त्यास हळवा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

विशेषणांचें म्हणाल तर त्यांचा भरंवसा कोणीच देऊं नये. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं १९१० सालच्या आपल्या पुस्तकांत लोकमान्य टिळकांस भारतीय असंतोषाचा जनक ठरविलें, तें दूषण म्हणून. त्या पुस्तकावरून टिळकांनीं विलायतेंत अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या फेब्रुवारींत तो त्यांच्याविरुद्ध गेला आणि खर्चाचा मोठा बोजा पडला. आज तीच पदवी शाळेंतलीं मुलें पुण्यतिथीच्या भाषणांत गौरव म्हणून घोकतात. ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ हेंही विरोधकांनीं हिणविण्यासाठीं काढलेलें नांव, आणि तें टिळकांस शोभून दिसलें! शिवीची पदवी व्हावयास दहा-वीस वर्षें पुरतात. तेव्हां आज निःपक्षपाती म्हणून निवडलेला शब्द उद्यां तसाच राहील, अशा भ्रमांत लेखकानें राहूं नये.

डॉ. आंबेडकरांच्या बाबतींत तर आणखी चमत्कारिक घडलें आहे. १९३० नंतरच्या दशकांत त्यांस सरकारचा हस्तक व देशद्रोही म्हणणारीं पत्रें थोडीं नव्हतीं. आपली बाजू आपणच छापल्याशिवाय गत्यंतर नाहीं, हें त्यांनीं पूर्वींच ओळखलें होतें: १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’, १९३० चा ‘जनता’. १९४३ सालीं पुण्यास न्यायमूर्ति रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेलें भाषण त्यांनीं छापलें, तेव्हां प्रस्तावनेंत त्यांनीं काँग्रेसपक्षीय पत्रांचा समाचार घेतला. वृत्तपत्राचा धंदा साबणाच्या कारखान्याच्या पायरीवर आला आहे, असा त्यांचा रोख होता. आम्ही याच धंद्यांतले असल्यामुळें ही उपमा आम्हांस झोंबते, पण खोटी म्हणवत नाहीं. आज पाहावें तर सर्वच पक्ष त्यांच्या तसबिरीस हार घालतात. निंदा सरली, पण वर्णन सरळ झालें काय? ‘घटनेचे शिल्पकार’ या दोन शब्दांत त्यांस बसविलें कीं १९२७ च्या डिसेंबरांत महाडास मनुस्मृति जाळली गेली तें सांगावें लागत नाहीं, १९५१ सालीं हिंदु कोड बिल रखडल्यावर त्यांनीं मंत्रिपद सोडलें तें सांगावें लागत नाहीं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं व त्यांच्या लक्षावधि अनुयायांनीं बौद्ध धर्म कां स्वीकारला, हा अवघड प्रश्नही टळतो. स्तुतीनें माणूस असा झांकतां येतो.

अर्धवट अवतरण हें दुसरें झांकण. २ सप्टेंबर १९५३ रोजीं, म्हणजे भंडाऱ्याच्या निवडणुकीपूर्वीं आठच महिने, राज्यसभेंत ते उद्गारले कीं, ही घटना जाळावयास मी पहिला पुढें होईन. त्यांचे विरोधक हें वाक्य तेवढेंच उचलतात. कित्येक भक्त तें वाक्यच दडपतात. १९ मार्च १९५५ रोजीं त्याच सभागृहांत त्याविषयीं विचारलें असतां त्यांनीं सांगितलें कीं, देवासाठीं देऊळ बांधलें, पण देव येण्याआधींच त्यांत असुर शिरले तर देऊळ पाडण्यावांचून उपाय काय? दोन्ही तारखा एकत्र दिल्या कीं उद्गाराचा राग समजतो आणि रागाचें कारणही समजतें. यास जागा लागते ती चार ओळींची.

राज्य सरकारनेंही या पेचांतून वाट काढून पाहिली आहे. १९८७ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड काढला. त्यांतील राम व कृष्ण यांविषयींच्या परिशिष्टावरून मुंबईंत मोर्चे व प्रतिमोर्चे निघाले, आणि अखेर मजकूर कायम ठेवून, त्यांतील मतांशीं शासन सहमत नाहीं अशी टीप जोडावी असें ठरलें. या तडजोडीस कोणी भित्री म्हणेल. आम्हांस ती बरी वाटते. कारण लेखकाचा शब्द लेखकाजवळ राहिला, छापणाराचा छापणाराजवळ, आणि वाचकाच्या हातून पान कोणी फाडून नेलें नाहीं.

कांहीं सज्जनांची समजूत अशी असते कीं, दोन ओळी स्तुतीच्या व दोन निंदेच्या घातल्या कीं समतोल साधला. तुमसरच्या बाजारांत धान तोलणाऱ्या अडत्यास विचारा: कांटा मध्यावर यावा म्हणून तो हलक्या पारड्यांत खडे टाकतो काय? जेथें दोष थोडा तेथें थोडा, जेथें जबर तेथें जबर लिहावा. डॉ. आंबेडकरांचे निर्णय वादातीत होते असें त्यांनीं स्वतः कधीं मानलें नाहीं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितींतील भाषणांत राजकारणांतील भक्ति ही अधोगतीची वाट आहे असा इशारा त्यांनींच दिला होता. त्यांच्यावरील साधार टीका छापणाऱ्यास धमक्या देणारे अनुयायी आणि त्यांच्या जातीवरून कुजबुजणारे विरोधक यांस आम्ही एका तागडींत घालीत नाहीं. पण पहिल्यांस त्यांच्याच पुढाऱ्याचें हें भाषण वाचावयास सांगण्याचें धैर्य संपादकांत असावें.

जातां जातां एक गोष्ट. डॉ. आंबेडकरांच्या पराभवावर इतकें लिहिलें गेलें, पण ज्यांनीं ती जागा जिंकली त्या भाऊराव बोरकरांचें वर्णन कसें करावें यावर कोणी भांडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. कांहीं त्यांस केवळ काँग्रेसचें प्यादें समजतात, बाकीच्यांस त्यांचें नांवही ठाऊक नसतें. ते प्रचारांत काय बोलले, पवनी, साकोली, तुमसर या भागांतील दलित मतदारांपैकीं ज्यांनीं त्यांस मत दिलें त्यांनीं काय विचार करून दिलें, याचें उत्तर मिळेपर्यंत त्या निवडणुकीची हकीकत एकांगीच राहणार. तेव्हां एकवीस वर्षें पूर्ण झालेल्यांनाच मताचा अधिकार होता. त्यांतील जे हयात आहेत ते आज नव्वदीच्या पुढें आहेत. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गांवोगांवीं असे वृद्ध स्त्री-पुरुष शोधून, त्यांनीं दोन मतें कोणास दिलीं व कां दिलीं, हें त्यांच्याच शब्दांत उतरवून घेण्याचें काम जिल्ह्यांतील एखाद्या महाविद्यालयानें किंवा वाचनालयानें हातीं घ्यावें, आणि तें याच हिंवाळ्यांत घ्यावें.