फोटॉन, जेट आणि कालिन्यातलं गणित

भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ला पुण्यात गेल्या. त्यानंतरच्या मृत्यूलेखांत पद्मश्री आली, 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक आलं, ते योग्यच. त्यांचं भौतिकशास्त्र मात्र 'मोलाचं योगदान' या दोन शब्दांत उरकलं गेलं.

भिवंडीकरांनी तरी ते एवढ्यावर सोडू नये. १९८२ ते १९९५ गोडबोले मुंबई विद्यापीठात, कालिन्याच्या संकुलात, शिकवत होत्या. भिवंडीची मुलं बीएस्सीला बसतात, ते हेच विद्यापीठ.

फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण, आत काही नसलेला, असं आपण शिकतो. पण भरपूर ऊर्जा असलेला फोटॉन क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्कांची जोडी होऊन वावरतो, सोबत क्वार्कांना बांधून ठेवणारे ग्लुऑनही येतात. दोन फोटॉन भिडले की कधी कधी ही आतली मंडळीच एकमेकांवर आदळतात. उडालेला क्वार्क एकटा राहू शकत नाही. त्याच्या जागी एकाच दिशेने धावणारा कणांचा झोत दिसतो, तोच जेट. असे जेट किती निघतील आणि ओळखायचे कसे, याचं गणित गोडबोले आणि त्यांचे सहकारी मॅन्युएल ड्रीस यांनी मांडलं. खूण अशी, की फोटॉनचा उरलासुरला भाग किरणशलाकेच्या दिशेनेच पुढे निघून जातो. जपानच्या ट्रिस्टान कोलायडरवर, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रावर, १९९२ साली ॲमी प्रयोगाची मोजमापं हा हिशेब धरल्याशिवाय जुळेनात.

त्याआधी, १९९१ साली, दोघांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मधून आणखी एक खोडी काढली होती, ती सरळ रेषेतल्या कोलायडरांच्या आराखड्यांची. वर्तुळाकार यंत्रात कण पुन्हा पुन्हा भेटतात. सरळ यंत्रात टक्करीची संधी एकदाच. म्हणून इलेक्ट्रॉनांचे पुंजके काही नॅनोमीटर जाडीपर्यंत दाबायचे. पण इतक्या दाट पुंजक्याच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात समोरून येणारे कण वळतात आणि फोटॉन सांडतात. ते फोटॉनही आपसात आदळले तर? काही आराखड्यांत पुंजक्यांच्या प्रत्येक भेटीत नको असलेल्या छोट्या जेटचा कचरा पडेल, असा इशारा त्यांनी दिला.

त्यांनी काढलेला जेटचा आकडा चढा आहे, असा आक्षेप आला. इतरांच्या गणितात तो खाली आला. असू दे. सर्नच्या प्रस्तावित क्लिक यंत्राचा ३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा आराखडा पाहा: पुंजक्यांच्या दर भेटीला अशा फोटॉन-टकरीच्या सरासरी तीनेक घटना गृहीत धरल्या आहेत. पुंजके अर्ध्या नॅनोसेकंदाच्या अंतराने येणार, त्यामुळे कोणता कण कधी आला हे नॅनोसेकंदांत नोंदवून तो कचरा गाळावा लागणार आहे.