चार्जिंगचा दिवा : जुन्या मोटारीचा अल्टरनेटर घरच्या घरी बदलताना

कोल्हापुरात विजयादशमीच्या संध्याकाळी दसरा चौकातील सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची स्वारी ज्या मेबॅक मोटारीतून येते, ती दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या घडणीची आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शिवाजी उद्यमनगरातील लेथ, ड्रिल, पाने आणि हातोडे हळदकुंकू लावून पूजले जातात. शेतीच्या ऑइल इंजिनापासून ओतकामापर्यंत वाढत गेलेल्या, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव व कागलच्या औद्योगिक वसाहतींत देशभरातील वाहन कारखान्यांसाठी सुटे भाग घडवणाऱ्या या शहराला यंत्र टाकून देण्यापेक्षा ते उघडून पाहण्याची सवय जुनी आहे. ‘एमएच-०९’ क्रमांकाच्या ज्या मारुती ८००, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर गाड्या इथल्या पेठांत आणि आसपासच्या गावांत अजून चालतात, त्या याच सवयीवर तग धरून आहेत. अशा गाडीत जे भाग वयोमानाने हमखास थकतात, त्यांत अल्टरनेटर येतो. तो घरी बदलणे शक्य आहे, पण तो खरोखरच बिघडला आहे का हे ठरवणे हे बदलण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि नेमका तिथेच सर्वाधिक पैसा वाया जातो.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या फिरण्यापासून वीज निर्माण करणारे जनित्र. बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करण्यापुरते असते. त्यानंतर दिवे, वायपर, पंखा, हॉर्न आणि इग्निशन या सर्वांना लागणारी वीज अल्टरनेटर पुरवतो आणि सुरू करताना खर्च झालेली विद्युतशक्ती बॅटरीत परत भरतो. मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रातील तारेत विद्युतदाब निर्माण होतो हे, त्याच्या मुळाशी आहे. मधोमध फिरणाऱ्या भागाला रोटर म्हणतात. त्याच्या गुंडाळीतून थोडासा प्रवाह सोडला की तो विद्युतचुंबक बनतो, आणि त्याच्याभोवती स्थिर बसवलेल्या स्टेटर नावाच्या तांब्याच्या तीन गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह तयार होतो. बॅटरीला मात्र एकाच दिशेचा प्रवाह लागतो, म्हणून अल्टरनेटरच्या मागच्या झाकणाखाली सामान्यतः सहा मुख्य डायोड बसवलेले असतात, आणि विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी जसे एकाच बाजूने जाऊ देतो तसे हे डायोड प्रवाह एकाच बाजूने जाऊ देतात. इंजिनाचा वेग कितीही वाढला तरी विद्युतदाब मर्यादेत राहावा, म्हणून रेग्युलेटर नावाचा भाग रोटरमधील प्रवाह कमी-जास्त करत राहतो.

ही रचना मोटारींत तशी उशिरा आली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि सिलिकॉनचे डायोड स्वस्त होत गेले तसा तो जगभर पसरला; त्याआधी बहुतेक सर्व गाड्यांत डायनामो होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट गाड्यांच्या, तसेच अँबॅसेडरच्या, सुरुवातीच्या पिढ्यांत डायनामोच असे. डायनामोत वीज फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि सगळाच्या सगळा प्रवाह कार्बन ब्रशांतून बाहेर काढावा लागतो, त्यामुळे ब्रश लवकर झिजतात आणि इंजिन संथ चालत असताना चार्जिंग जवळजवळ होतच नाही. अल्टरनेटरमध्ये ब्रशांतून फक्त रोटरचा काही अँपिअरांचा प्रवाह जातो, मुख्य प्रवाह स्थिर गुंडाळ्यांतून थेट निघतो, आणि म्हणूनच १९८३ च्या डिसेंबरात आलेली व २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० गर्दीच्या रस्त्यावर रेंगाळत असतानाही बॅटरी भरत राहू शकते.

हा इतिहास सांगण्याचे कारण केवळ माहिती हे नाही. डायनामोच्या काळात तयार झालेल्या काही सवयी गॅरेजांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आणि त्या अल्टरनेटरचा घात करतात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, ही त्यांपैकी सर्वांत घातक. डायनामोने ही परीक्षा एक वेळ सोसली असती. अल्टरनेटरमध्ये मात्र बॅटरीचा आधार अचानक सुटला की विद्युतदाब क्षणभर अनेक पटींनी उसळतो आणि त्या उसळीत डायोड, रेग्युलेटर किंवा गाडीतील इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात, म्हणजे चांगला असलेला अल्टरनेटर तपासणीतच बिघडतो. बॅटरीच्या टोकांवर तार घासून ठिणगी पाहणे हीदेखील अशीच सवय आहे. यांऐवजी विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर वापरला, तर दहा मिनिटांत धोका न पत्करता निदान होते.

गाडी काही तास उभी राहिल्यानंतर इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांमधील विद्युतदाब मोजला, तर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि निम्मी भरलेली सुमारे १२.२ व्होल्ट दाखवते. मग इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान गेला पाहिजे, आणि हेडलाइट व पंखा लावल्यावरही तो १३ च्या खाली घसरता कामा नये. आकडा बारावरच राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाही हे नक्की. उलट तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळते आहे, आणि ती अवस्था चार्जिंग न होण्याइतकीच वाईट आहे.

तरीही चार्जिंग होत नाही याचा अर्थ अल्टरनेटर गेला असा लगेच घेऊ नये. पहिला संशय पट्ट्यावर घ्यावा, कारण सैल किंवा गुळगुळीत झालेला फॅन बेल्ट पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. दुसरा संशय डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या चित्राच्या लाल दिव्यावर घ्यावा, आणि ही गोष्ट फार थोड्या गाडीमालकांना ठाऊक असते, की अनेक जुन्या गाड्यांत हा दिवा केवळ सूचना देत नाही, तर किल्ली फिरवताच त्याच दिव्यातून रोटरला पहिला प्रवाह मिळतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागतच नसेल तर बल्ब गेलेला असण्याची शक्यता आधी पाहावी. इंजिन चालू असताना दिवा मंद तेवत राहिला तर मात्र डायोडवर संशय येतो, आणि रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली मिळत असेल तर आतल्या आत प्रवाह गळवणारा डायोड हे त्याचे एक कारण असू शकते.

तिसरा संशय तारांचा, आणि कोल्हापूरच्या हवेत तो सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे. इंजिन चालू ठेवून व दिवे लावून मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या स्क्रूवर, ज्याला बी-प्लस म्हणतात, आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवले, तर आकडा साधारण ०.३ व्होल्टच्या आत यावा. तसाच तो अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये ०.२ च्या आत यावा. हे आकडे जास्त आले तर दोष गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत किंवा सैल टर्मिनलमध्ये आहे, अल्टरनेटरमध्ये नाही, आणि तो सँडपेपर व पान्याने फुकटात दूर होतो.

पावसाचा आणि पुराचा संबंध इथे थेट येतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील धोका पातळी ४३ फूट आहे; ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत नदी त्या पातळीच्या कितीतरी वर गेली आणि शहराच्या सखल भागांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अल्टरनेटर इंजिनाच्या बाजूला बसवलेला आणि वारा खेळावा म्हणून जाळीदार झाकणांचा असतो, त्यामुळे पुराचे गाळमिश्रित पाणी सरळ आत शिरते, बेअरिंगमधील ग्रीस धुऊन नेते, ब्रश त्यांच्या खाचांत अडकवते, आणि ब्रश ज्या तांब्याच्या कड्यांवर घासतात त्या स्लिपरिंगांवर हिरवट थर जमवते. अशी गाडी वाळवून लगेच सुरू झाली तरी तिचा अल्टरनेटर काही महिन्यांनी आवाज करू लागतो. पुरात सापडलेल्या गाडीचा अल्टरनेटर बिघडण्याची वाट न पाहता खोलून स्वच्छ करून घेणे हेच शहाणपणाचे.

पावसाळ्यात ताणही सर्वांत जास्त असतो. रात्री गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाडीचे हेडलाइट, वायपर, काचेवरचे धुके घालवणारा पंखा आणि इग्निशन मिळून २० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतात. अल्टरनेटर बंद पडला तर मारुती ८०० ची ३५ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी हिशोबाने पावणेदोन तास आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी पुरते, आणि दिवे त्याआधीच पिवळे पडतात.

निदान पक्के झाले की बदलण्याचे काम सरळ आहे. गाडी सपाट जागी, थंड इंजिनाने, हँडब्रेक ओढून उभी करावी आणि सर्वांत आधी बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढावी. बी-प्लसची तार बॅटरीशी थेट जोडलेली असते. ऋण टोक न काढता तिथे पाना लावला आणि तो इंजिनाच्या अंगाला टेकला तर शॉर्ट होऊन तार व पाना लाल होतात आणि भाजण्याचा, आग लागण्याचा धोका असतो. त्यानंतर मागच्या तारांचा मोबाइलवर फोटो घ्यावा, कपलर ओढून आणि बी-प्लसचा नट सोडून तारा बाजूला कराव्यात, ताण देणाऱ्या पट्टीचा बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलावा म्हणजे पट्टा निघतो, आणि शेवटी खालचा लांब बोल्ट काढताना दुसऱ्या हाताने अल्टरनेटर धरावा, कारण तो दिसतो त्यापेक्षा जड असतो. जुन्या गाडीत हा खालचा बोल्ट हमखास जाम झालेला असतो. त्यावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल फवारून ठेवावे आणि पान्याला पाइप लावून जबरदस्ती करणे टाळावे, कारण बोल्ट ज्यातून जातो तो अल्टरनेटरचा कान तुटला तर काम घराबाहेर जाते.

नवा अल्टरनेटर बसवण्यापूर्वी तो जुन्याशेजारी ठेवून पुलीचा व्यास, खाचेचा आकार, कानांमधील अंतर आणि कपलरच्या पिना ताडून पाहाव्यात. जुन्या लहान गाड्यांना साधारण ३५ ते ५५ अँपिअरचे अल्टरनेटर असतात, आणि फार मोठा बसवला तर मूळ तारेला तो झेपत नाही. ज्यांच्याकडे डायनामोची जुनी ब्रिटिश घडणीची गाडी आहे त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अशा अनेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक चॅसीला जोडलेले असते, आणि त्या अवस्थेत साधा अल्टरनेटर बसवून तार जोडली की डायोड त्याच क्षणी जळतात. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवण्याचा हा बदल घरी न करता जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावा.

नवा भाग घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा, या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात तरी बहुतेक वेळा दुरुस्ती हेच असले पाहिजे. झिजलेले ब्रश, खडखडणारे बेअरिंग, जळालेली डायोड प्लेट आणि रेग्युलेटर हे भाग वेगवेगळे मिळतात, बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असल्याने ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानातून आणता येते, आणि गुंडाळी जळाली असेल तर ती पुन्हा भरणारे कारागीर मोटारपंपांच्या या जिल्ह्यात कमी नाहीत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, नाव नसलेल्या नव्या अल्टरनेटरपेक्षा चांगल्या कारागिराने भरलेला मूळ अल्टरनेटर जास्त भरवशाचा असतो, कारण त्याचे ओतीव अंग आणि रोटर सहसा खराब होतच नाहीत.

बसवताना क्रम उलटा होतो, पट्ट्याला ताण द्यावा लागतो आणि ऋण टोकाची तार सर्वांत शेवटी जोडावी. पट्टा सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर आठ-दहा मिलिमीटर दबावा, गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तो पाळावा. फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो, आणि मारुती ८०० मध्ये पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालत असल्याने सैल पट्टा चार्जिंगबरोबर इंजिनाचे तापमानही बिघडवतो. पूर्ण उतरलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरकडून भरून घेऊ नये. ती आधी चार्जरवर लावावी, कारण तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालवल्यास नवा अल्टरनेटर तापून पहिल्याच आठवड्यात जाऊ शकतो. त्यानंतर मल्टिमीटरने वरचीच सगळी मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि ती गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. पट्टाही नवा घातला असेल तर तो पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडा ताणला जाऊन सैल होतो, म्हणून तेवढे अंतर झाल्यावर इंजिन थंड असताना त्याचा ताण पुन्हा तपासावा आणि तोपर्यंत गाडी रात्री घाटात नेऊ नये.