घरातली बॅटरी कशी असावी?

वर्षावास सुरू झाला की वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. वाचन संपून घरी निघायला नऊ-साडेनऊ होतात. नेमके हेच तीन महिने पावसाचे, चिखलाचे आणि साप-विंचू बाहेर पडण्याचे. अकलूजच्या आसपास नीरेचा काठ, कॅनॉल आणि चहूबाजूंनी ऊस. वाटेतला खांबावरचा दिवा लागेलच याची खात्री नसते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधाबद्दल न लिहिता घरातल्या बॅटरीबद्दल, म्हणजे हातातल्या टॉर्चबद्दल लिहीत आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. अकलूजजवळच्या एका वस्तीत एक ताई रात्री दोनच्या सुमारास पोटात दुखते म्हणून उठली. लाईट गेलेली होती. घरात चार्जिंगची मोठी बॅटरी होती, पण ती आठवडाभर चार्जच केलेली नव्हती. मग मुलाच्या मोबाईलचा उजेड लावला. पित्त झाले असेल म्हणून सोडा दिला, पाठ चोळली. तासाभराने ताईच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या. गाडी बोलवायला मोबाईल घेतला, तर तोही बंद पडलेला. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. मण्यार चावली होती. श्वासाचे मशीन लावावे लागले. ताई बरी होऊन घरी आली, पण तो एक तास आमच्या डोक्यातून जात नाही. घरात उजेडाची दोन साधने होती आणि गरजेच्या वेळी दोन्ही उपयोगी पडली नाहीत.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात. सूज येत नाही, दुखतही नाही. पोटदुखी, घशात अडकल्यासारखे वाटणे, पापण्या झुकणे ही तिची लक्षणे आहेत. ती वेळेवर दिसायला उजेड लागतो. भारतात सन 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यापाड्यातली, शेतात राबणारी माणसे होती.

मोठा उजेड म्हणजे चांगला उजेड, असे नाही

दुकानात गेलो की आपण विचारतो, "लांब किती पडतो?" पण घरात, बोळात, शौचालयाच्या वाटेवर आपल्याला लांबचे काही पाहायचे नसते. पायापुढची चार पावले दिसली पाहिजेत.

आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. झगझगीत उजेड क्षणभर डोळ्यावर पडला तरी ती सवय मोडते. बॅटरी बंद करताच पुढे काळोख दिसतो आणि पायरी चुकते. म्हाताऱ्या माणसांना, मोतीबिंदू असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. रात्री लघवीला उठून पडलेल्या आणि खुब्याचे हाड मोडलेल्या किती आजी आम्ही वॉर्डात पाहिल्या! ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांनाही मंद उजेडच बरा. बाळ पूर्ण जागे होत नाही, शेजारी झोपलेल्यांची झोपही मोडत नाही.

रात्रपाळीला आम्ही नर्स मंडळी बॅटरीच्या तोंडावर बोटे धरून वॉर्डात फिरायचो. बोटांतून लालसर उजेड येई. सलाईन किती उरले, पेशंटचा श्वास कसा चालला आहे, एवढे त्यात दिसत असे. तेव्हापासून कळले आहे की रात्रीच्या कामाला उजेड थोडाच लागतो, पण तो रात्रभर लागतो.

सेलचा हिशेब

उजेड लुमेनमध्ये मोजतात. एका मेणबत्तीचा उजेड साधारण 12 लुमेन असतो. घरात आणि बोळात वापरायला 5 ते 20 लुमेन पुरतात.

भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो पेन्सिल सेल घ्या. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण 3 वॉट-तास वीज असते. एक वॉट खाणारी झगझगीत बॅटरी तो सेल थोड्याच वेळात संपवते. तोच सेल एक दशांश वॉट खाणाऱ्या मंद बॅटरीला पंचवीस तासांच्या आसपास पुरतो, आणि आजच्या एलईडीतून तेवढ्या विजेत 8 लुमेनच्या आसपास उजेड मिळतो. रोज रात्री अर्धा तास वापरली तरी सेल महिना-दीड महिना चालतो. स्वस्तातल्या साध्या सेलमध्ये निम्म्याहूनही कमी वीज असते आणि तो लवकर गळतो.

चार्जिंगची बॅटरी वाईट नसते. पण ती चार्ज करायची आठवण ठेवावी लागते, आणि लाईट दोन दिवस आली नाही तर ती कामाची राहत नाही. सेल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मोबाईल तर 108 ला फोन लावण्यासाठी राखून ठेवावा.

विकत घेताना हे पाहा

1. एक किंवा दोन पेन्सिल सेलवर चालणारी, मुठीत मावणारी बॅटरी घ्या.

2. बटण एकच असावे. पहिल्या दाबाला मंद उजेड लागला तर उत्तम. लुकलुकणारे प्रकार कामाचे नाहीत.

3. उजेड पसरट असावा. एकाच ठिपक्यावर पडणाऱ्या उजेडात आजूबाजूचे दिसत नाही.

4. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेड बरा. त्यात रक्त, पुरळ, औषधाच्या गोळीचा रंग नीट ओळखता येतो. तरी बाळाची कावीळ मात्र बॅटरीच्या उजेडात ठरवू नका. ती दिवसाच्या उजेडातच पाहावी आणि शंका आली तर लगेच दवाखान्यात दाखवावी.

5. दोरी अडकवायला भोक असावे.

6. चपट्या बटण-सेलची बॅटरी लहान मुलांच्या घरात आणूच नका. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते. तसे झाल्यास उलटी करवू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

खोक्यावर लिहिलेल्या तासांवर विसंबू नका. मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचे तास धरतात. घरी परीक्षा घ्या. नवा सेल घालून संध्याकाळी मंद उजेडावर बॅटरी लावून ठेवा. सकाळी अंधाऱ्या खोलीत तिच्या उजेडात चार पावलांवरची चप्पल दिसली, तर बॅटरी पास.

उसाला दारे धरायला रात्री जाणाऱ्या बंधूंचे मात्र वेगळे आहे. त्यांना मंद आणि मध्यम असा दोन तऱ्हेचा उजेड देणारी बॅटरी हवी. सोबत गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी आणि खिशात जादा सेल.

घेतल्यावर

बॅटरीची जागा ठरवा. उशाशी खिळ्याला दोरीने टांगा आणि घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, अंधारात ती हाताला लागते का ते करून पाहायला सांगा. दर पौर्णिमेला विहारात जाताना ती तपासा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा. मुलांना एकमेकांच्या डोळ्यांवर उजेड मारू देऊ नका. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. तिने डास तर अडतातच, मण्यारही अडते.

आणि साप चावलाच, किंवा रात्री झोपेतून उठून कुणाच्या पापण्या झुकू लागल्या, तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, 108 ला फोन लावा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मोफत मिळते. सापाला शोधत बसू नका.

शेवटी एक गोष्ट. घरात बॅटरी आली म्हणून खांबावरच्या बंद दिव्याची तक्रार सोडू नका. वस्तीतल्या बंद दिव्यांची यादी करा, दहा-पंधरा भगिनींनी सह्या करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रस्त्यावरचा दिवा हा आपला हक्क आहे. तो लागेपर्यंत आणि लागल्यानंतरही, उशाशी रात्रभर पुरणारा उजेड असू द्या.

जय भीम!