डिजिटल कॅमेऱ्यातील मेमरी कार्डे : प्रकार व निवडीचे निकष (लोकपरंपरांच्या चित्रणाच्या संदर्भात)

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्यात धानोऱ्यासारख्या गावांपासून सातपुड्यातील पाड्यांपर्यंत आदिवासी समाजाची गीते, कथा व विधी प्रामुख्याने मौखिक परंपरेने टिकून आहेत. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीचा उत्सव रात्रभर चालतो व होळी पहाटे पेटविली जाते. हा प्रसंग वर्षातून एकदाच येतो. चित्रण वाया गेल्यास अभ्यासकाला वर्षभर थांबावे लागते. म्हणून मेमरी कार्डाची निवड क्षेत्रीय अभ्यासाच्या पूर्वतयारीचाच भाग ठरते.

कार्डांचे प्रकार :
मेमरी कार्डात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठविली जाते व वीजपुरवठा थांबला तरी ती टिकून राहते. सॅनडिस्क कंपनीने १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणले. त्यानंतर स्मार्टमीडिया (१९९५), सोनीचे मेमरी स्टिक (१९९८) व ऑलिंपस-फुजीफिल्म यांचे एक्सडी (२००२) हे प्रकार आले. हे प्रकार आता मागे पडले आहेत. तथापि त्यांवरील जुनी छायाचित्रे वाचण्यासाठी त्या त्या प्रकारचा कार्ड रीडर जपून ठेवणे आवश्यक आहे.

१९९९ मध्ये जाहीर झालेले एसडी कार्ड सर्वाधिक रूढ झाले. साठवण क्षमतेनुसार त्याचे चार वर्ग आहेत :
१) एसडी – २ जीबीपर्यंत
२) एसडीएचसी – ३२ जीबीपर्यंत
३) एसडीएक्ससी – २ टीबीपर्यंत
४) एसडीयूसी – १२८ टीबीपर्यंत

या कार्डांचा आकार सारखाच असला, तरी जुना कॅमेरा नंतरच्या वर्गाचे कार्ड स्वीकारेलच असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका पाहावी. मायक्रोएसडी हे याच कुळातील लहान कार्ड अडॅप्टरच्या साहाय्याने कॅमेऱ्यात वापरता येते.

लेखनगती :
कार्डावर ठळकपणे छापलेला आकडा बहुधा वाचनाची कमाल गती दर्शवितो. चित्रीकरणासाठी मात्र लेखनाची किमान गती महत्त्वाची असते. 'वर्ग १०' हे चिन्ह सेकंदाला किमान १० मेगाबाइट, तर 'यू३' व 'व्ही३०' ही चिन्हे किमान ३० मेगाबाइट लेखनगती दर्शवितात. उदाहरणार्थ, सेकंदाला १०० मेगाबिट दराने होणाऱ्या चित्रीकरणास १२.५ मेगाबाइट गती लागते. येथे 'वर्ग १०' एवढीच हमी अपुरी पडते. चित्रीकरण मध्येच थांबू शकते. या दराने तासाला सुमारे ४५ जीबी जागा व्यापली जाते, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दीड तासही पुरत नाही. रात्रभराच्या उत्सवासाठी अनेक कार्डे जवळ असणे अपरिहार्य आहे.

निष्कर्ष :
कॅमेऱ्याशी सुसंगती, किमान लेखनगती व क्षमता या क्रमाने कार्डाची निवड करावी. दीर्घकाळ पडून राहिलेल्या कार्डातील विद्युतभार क्षीण होऊ शकतो. त्यामुळे कार्ड हे कायमस्वरूपी जतनाचे साधन मानू नये. चित्रण त्याच दिवशी दोन स्वतंत्र ठिकाणी उतरवून, प्रती तपासल्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे.