लेबल निघाले, विष निघाले काय?

रिकाम्या बरणीवरील लेबल काढावयाचे असल्यास ते कोमट पाण्यात भिजवावे. उरलेल्या चिकट डागास गोडे तेल चोळून अर्ध्या तासाने पुसावे व बरणी साबणाने धुवावी. परंतु नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांनी कीटकनाशकाच्या डब्यावरील लेबल कदापि काढू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार त्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दर्शवितो : लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. लेबल खरवडल्याने विष जात नाही. ते ओळखण्याची खूण मात्र जाते, आणि घरातील मूल त्यातूनच पाणी पिते. असा डबा रिकामा होताच तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या द्रावणातच मिसळावे व डब्यास भोके पाडून तो निकामी करावा.