उंबऱ्याच्या आतली जोडी

सकाळी ६.३०
पहिलं घर नगरच्या केडगावात. काका मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर हिशेबपट्टी लिहायचे. लकव्याने डावी बाजू गेली. हात बराच परत आला, काका चालायलाही लागले, पण डाव्या पायाचा पंजा वर उचलला जात नाही. काकू म्हणतात, "पाय घासतो ओ मॅडम." आम्ही फिजिओ त्याला फूट ड्रॉप म्हणतो. मेंदूकडून नडगीच्या पुढच्या स्नायूला निरोप नीट पोचत नाही, मागची पोटरी ताठरते आणि चवडा खाली ओढला जातो. मग माणूस पाय बाजूने फिरवून टाकतो, आणि तरी अंगठा फरशीला अडतोच.

झोपेतून उठल्यावर पोटरी फार ताठ असते. गुडघा सरळ ठेवून चवडा हळूहळू वर दाबायचा, अर्धा मिनिट धरून ठेवायचा. मग उंच सुती मोजा, एकही सुरकुती न ठेवता. त्यावर चवडा वर धरून ठेवणारं स्प्लिंट आणि शेवटी बूट. टाच मागे पूर्ण टेकली नाही तर स्प्लिंट असून नसल्यासारखं. हे सगळं काकू करून द्यायच्या. आता काका खुर्चीत बसून लांब दांड्याच्या शूहॉर्नने बूट स्वतः घालतात. वेळ लागतो. लागू दे.

सकाळी ८.३०
भिंगार. इथल्या मावशींनाही लकवा झालेला. त्यांना मुलाने महागाचे बूट आणलेत आणि ते दाराबाहेर स्टँडवर आहेत. घरात मावशी अनवाणी, किंवा बाथरूमला जाताना रबरी स्लीपर. मागच्या आठवड्यात मोरीच्या उंबऱ्याला अंगठा अडून पडल्या. हाड वाचलं, पण धीर गेला. तेव्हापासून भिंत सोडत नाहीत.

हे मी घरोघर पाहते. बाहेर जाताना बूट घालतात, कारण बाहेर तोल जाण्याची भीती असते. पण लकव्यानंतर पहिले कितीतरी महिने माणसाचं चालणं घरातच असतं: पलंग, मोरी, ओटा, दार. तिथे गुळगुळीत फरशी, ओल आणि उंबरे. अनवाणी पायाला अडकवलेलं प्लास्टिकचं स्प्लिंट तर फरशीवर सरळ घसरतं. स्लीपर अंगठ्याने धरून ठेवावी लागते, आणि तीच पकड या पायात उरलेली नसते.

मावशींच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. "घरात चपला घालून फिरायचं? देवघर आहे इथं." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मी म्हणाले, "आजी, बाहेरचे बूट आत आणायचेच नाहीत. एक नवी जोडी घ्यायची. ती कधी अंगणातसुद्धा जाणार नाही, पलंगाशीच राहील. देवघराजवळ खुर्ची टाकू, तिथे बसल्यावर काढतील." आजींनी थोडा वेळ मावशींच्या पायाकडे पाहिलं. "तळवा रोज पुसायचा मग," म्हणाल्या. ठरलं.

सकाळी ११.३०
स्प्लिंट बनवणाऱ्याकडे. पायाचा प्लास्टरचा साचा, त्यावर तापवलेला पॉलिप्रॉपिलिनचा पत्रा. इंग्रजी एल अक्षरासारखा आकार: पोटरीच्या मागून खाली येतो आणि तळव्याखाली जातो. नगरहून काही जण पुण्याला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात जातात. १९४४ मध्ये सैनिकांसाठी निघालेलं हे केंद्र आज सर्वसामान्यांनाही साधनं देतं. कुठूनही आणा, पण तपासल्याशिवाय दुसऱ्याचं स्प्लिंट वापरू नका. काढल्यावर कातडीवर उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली पाहिजे. नाही गेली तर स्प्लिंट घासून घ्यायचं. मधुमेह असेल किंवा पायाची जाणीव कमी असेल, तर रोज रात्री घरच्या कुणीतरी तळवा डोळ्यांनी पाहायचा.

संध्याकाळी ५.३०
कापड बाजार. केडगावचे काका आणि त्यांचा मुलगा बूट घ्यायला आलेत. मुद्दाम संध्याकाळ, कारण दिवसभरात पाय सुजतो. सोबत स्प्लिंट, तोच मोजा.

दुकानदार आधी मऊ बूट काढतो. सगळेच तसं करतात, घरच्यांनाही मऊ म्हणजे आरामाचं वाटतं. मी टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबते. चेपला की बाजूला. तो भाग कडक हवा, नाहीतर घोटा आत वळतो. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहते. चवड्याशी वाकावा, मध्यावर वाकू नये. तोंड जिभेसकट खालपर्यंत उघडणारं, वेल्क्रोचं, कारण दुबळ्या हाताने नाडी बांधता येत नाही. आतला सोल निघाला पाहिजे, तीच स्प्लिंटची जागा. बोटांकडे उंची आणि रुंदी. टाच सपाट किंवा अगदी थोडी, बूट हलका. नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा. मग उजवा बूट सैल पडतो, त्यात जास्तीचा सोल घालायचा. दोन्हीकडची उंची सारखी राहायला हवी.

तळव्याला पकड हवी, पण पुढच्या टोकाला खूप चिकट रबर नको, अंगठा तिथेच अडतो. टोक किंचित वर वळलेलं बरं. शेवटी जमली ती शाळेच्या बुटांची काळी वेल्क्रो जोडी. महागडे स्पोर्ट्स शूज ओळीने मांडलेले होते. त्यातल्या बऱ्याच जोड्यांची टाच चेपत होती.

बाहेर फुटपाथवर चांभारदादा बसतात. त्यांनी डाव्या बुटाच्या टोकावर गुळगुळीत चामड्याचा तुकडा शिवला आणि वेल्क्रोचा पट्टा बोटभर वाढवला. माझ्या मते लकव्याच्या पेशंटच्या यादीत डॉक्टरांच्या आणि फिजिओच्या नंबराखाली चांभाराचाही नंबर असावा. काका त्याच फुटपाथवर चालले, मुलगा डाव्या बाजूला. अंगठा अडला नाही. "आता आडतीवर जाऊन येऊ का?" काकांनी विचारलं. आज नाही म्हटलं. आधी आठवडाभर घरात, दिवसातून थोडा थोडा वेळ.

रात्री ९.००
पाथर्डीहून एका मुलाचा व्हिडिओ आला. वडील शेताच्या बांधावर चालतायत, काळी माती बुटाला चिकटून पाय जड झालाय. ओल्या रानात सध्या नेऊ नको, असं कळवलं. अजून एक मागितलं: बूट उलटा करून तळव्याचा फोटो. आला. बाहेरची कडा आणि अंगठ्याचं टोक पार झिजलंय, आतली बाजू कोरी. म्हणजे पाऊल आतल्या बाजूला वळतंय, नुसता बूट बदलून भागणार नाही. त्याला सोमवारी सकाळी वडिलांना घेऊन बोलावलंय. जुना बूट आणि स्प्लिंट दोन्ही पिशवीत आणायला सांगितलंय.