पाळतीच्या आदेशावर सही कोणाची?

भारतात कोणाचाही फोन ऐकायचा असेल तर पोलिसांना न्यायाधीशांची परवानगी काढावी लागते, हा समज सुशिक्षित वर्तुळातही सहज आढळतो. घरझडतीच्या वॉरंटवर दंडाधिकाऱ्यांची सही असते, मग माणसाच्या खाजगी आयुष्यात त्याहून खोल शिरणाऱ्या अधिकारावरही न्यायालयाची सही असणारच, असा तर्क त्यामागे असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 1885 च्या तार कायद्यात न्यायाधीशांना या प्रक्रियेत स्थान नव्हते, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2023 च्या दूरसंचार कायद्यात व डिसेंबर 2024 च्या नियमांतही ते नाही. संदेश अडवून वाचण्याचा वा ऐकण्याचा आदेश केंद्रात गृहसचिव देतात, राज्यात गृह विभागाचे सचिव देतात, आणि अपरिहार्य परिस्थितीत सहसचिव दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. जळगाव किंवा धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांना स्वतःच्या सहीने कोणाचे संभाषण ऐकता येत नाही. मात्र आणीबाणीच्या प्रसंगी राज्य पातळीवरील यंत्रणेचा किमान पोलीस महानिरीक्षक दर्जाचा वरिष्ठ अधिकारी आदेश देऊ शकतो, आणि त्यावर गृहसचिवांचे शिक्कामोर्तब कामकाजाच्या सात दिवसांत व्हावे लागते.

जिल्ह्याच्या बोलीत ज्याला सर्रास ‘फोन टॅप केला’ म्हटले जाते ते पुष्कळदा निराळेच असते. कोणत्या क्रमांकावरून कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या मनोऱ्याच्या हद्दीतून फोन झाला याची नोंद, म्हणजे सीडीआर, मागवण्याचा अधिकार अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला असतो, आणि दूरसंचार कंपन्यांना परवान्याच्या अटीनुसार अशा नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. त्यात संभाषण नसते, पण माणसाचा दिनक्रम आणि गोतावळा मात्र पुरता उघडा पडतो.

फोन ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयानेच अंकुश बसवला आहे, हा दुसरा समज अर्धाच खरा आहे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर 18 डिसेंबर 1996 रोजी निकाल देताना न्यायालयाने फोनवरील संभाषण हा खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. परंतु आदेशापूर्वी न्यायिक छाननी सक्तीची करावी ही मागणी, कायद्यात तशी तरतूद नसल्याचे सांगून, फेटाळली. त्याऐवजी जी कार्यपद्धती आखून दिली तीच पुढे 2007 च्या नियमांत उतरली आणि थोड्याफार फरकाने आजही चालू आहे: आदेश एका वेळी साठ दिवसांपुरता, मुदतवाढ धरून जास्तीत जास्त एकशे ऐंशी दिवसांचा, आणि प्रत्येक आदेशाची तपासणी पुनर्विलोकन समितीकडे, म्हणजे दिलेला आदेश कायद्यात बसतो की नाही हे मागाहून पाहणाऱ्या समितीकडे. ही समिती म्हणजे कोणी निवृत्त न्यायमूर्तींचे मंडळ नव्हे. केंद्रात तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात, राज्यात मुख्य सचिव, आणि उरलेले सदस्यही सचिवच. कापूस तोलणाऱ्या व्यापाऱ्यानेच स्वतःच्या काट्याचे प्रमाणपत्र द्यावे, असा हा प्रकार आहे. शिवाय कामाचा आवाका असा की न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या अहवालानुसार केंद्रातील समितीसमोर दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासण्याचे अशक्यप्राय काम येते. एवढ्या संख्येत एकेका आदेशामागची कारणे वाचली जात असतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पाळत केवळ दहशतवादी, तस्कर आणि खंडणीखोर यांच्यावरच ठेवली जाते, आणि चुकून गैरवापर झालाच तर यंत्रणा तो स्वतःहून उघड करते, या दोन्ही समजुतींची कसोटी खानदेशातल्याच एका प्रकरणात लागते. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे 2016 पर्यंत राज्याचे महसूलमंत्री होते आणि 2019 साली ते सत्तारूढ भारतीय जनता पक्षातच होते. त्या वर्षी त्यांचा आणि शिवसेनेचे संजय राऊत यांचा फोन, त्यांना समाजविघातक व्यक्ती भासवून, राज्य गुप्तवार्ता विभागाने बेकायदा ऐकला, असा आरोप करणारा गुन्हा मार्च 2022 मध्ये मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यात तत्कालीन गुप्तवार्ता आयुक्त रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध दाखल झाला. राज्य सरकारने खटल्यास मंजुरी नाकारल्यानंतर सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, त्यामुळे आरोप सिद्ध झालेला नाही हे निःसंदिग्धपणे नोंदवायला हवे. प्रश्न कोणा एका अधिकाऱ्याचा नाहीच. या प्रकरणाची पावले कोणत्या कारणांनी पडली, हे पाहण्यासारखे आहे: नोव्हेंबर 2019 मध्ये राज्यात सरकार बदलले, 2021 च्या जुलैत नव्या सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, 2022 मध्ये गुन्हा नोंदला गेला, त्याच वर्षीच्या जूनअखेर सरकार पुन्हा बदलले आणि मंजुरी नाकारली गेली. चौकशीचे दार उघडले सत्तांतराने आणि मिटलेही सत्तांतरानंतरच. पुनर्विलोकन समितीने 2019 सालीच आक्षेप घेऊन हा विषय वर काढला असता तर त्या व्यवस्थेविषयी विश्वास वाटला असता. पण ती समिती बोलते ती बंद दाराआड, आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला कळवण्याचे सर्वसाधारण बंधन भारतीय कायद्यात कोणावरही नाही.

बेकायदा मिळवलेले ध्वनिमुद्रण न्यायालयात आपोआप बाद ठरते, असेही अनेकांना वाटते. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1972 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रस्तुत आहे की नाही याला महत्त्व दिले. अर्थात त्या प्रकरणात संभाषणातल्या एका पक्षाची संमती होती. याउलट मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये विनीत कुमार यांच्या प्रकरणात, लाचखोरीच्या तपासासाठी काढलेले तीन आदेश ‘सार्वजनिक सुरक्षितते’च्या कसोटीत बसत नाहीत म्हणून रद्द केले आणि मुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा तो थेट परिणाम होता. न्यायालये हतबल आहेत असे यावरून म्हणता येत नाही; ती उशिरा पोहोचतात, आणि तेही आरोपपत्रातून पाळतीचा सुगावा लागला तरच. ज्याच्यावर खटलाच भरला गेला नाही, तो न्यायालयात जाणार कसा?

परकीय गुप्तवार्तेच्या, म्हणजे परदेशी सत्ता, संघटना आणि व्यक्ती यांच्याविषयी माहिती मिळवण्याच्या क्षेत्रात पाळत आणि न्यायालय यांच्यातले हे अंतर आणखी वाढते. 1968 मध्ये स्थापन झालेली रॉ ही संस्था संसदेच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेली नाही; डिसेंबर 2018 मध्ये गृह मंत्रालयाने संगणकीय माहिती अडवण्यासाठी अधिकृत केलेल्या दहा यंत्रणांच्या यादीत ‘मंत्रिमंडळ सचिवालय (रॉ)’ या नावाने तिचा समावेश आहे. अमेरिकेत मात्र 1978 च्या परकीय गुप्तवार्ता कायद्याने एक खास न्यायालय उभे केले, ज्यात आज सरन्यायाधीशांनी नेमलेले अकरा न्यायाधीश बसतात. यावरून पाळतीची प्रत्येक कृती तिथे न्यायाधीश तपासतात, असा समज रूढ झाला आहे. भुसावळ, चाळीसगाव किंवा शिरपूरच्या ज्या घरांतील मुले न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये नोकरी करतात, त्यांनी तो विशेषतः तपासून पाहावा. 2008 साली त्या कायद्यात आलेल्या 702 व्या कलमानुसार अमेरिकेबाहेरील परकीयांवर पाळत ठेवताना व्यक्तिगणिक वॉरंट लागत नाही. न्यायालय वर्षातून एकदा फक्त एकूण कार्यपद्धती मंजूर करते. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला त्या कलमाखाली लक्ष्य करता येत नाही, पण भुसावळला बसलेले आईवडील परकीय आणि अमेरिकेबाहेरचे असल्याने त्यांना तत्त्वतः लक्ष्य करता येते. तसे झाल्यास मुलाचे बोलणेही त्या जाळ्यात सापडते. या ओघाने मिळालेल्या माहितीला तिथे अनुषंगिक संकलन म्हणतात.

ब्रिटनने 2016 च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताचीही मान्यता बंधनकारक केली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मे 2020 मध्ये त्याही पुढे जाऊन, परदेशातील परकीय व्यक्तीलाही जर्मन गुप्तचर यंत्रणेपासून घटनात्मक संरक्षण आहे, असे ठरवले. भारतात गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारे विधेयक खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये खाजगीरीत्या मांडले होते, ते व्यपगत झाले. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील 24 वे कलम केंद्रीय गुप्तवार्ता विभाग आणि रॉ यांना जवळजवळ पूर्ण सूट देते. त्यात एका नियमाची भर पडते: कामासाठी आवश्यक नसलेल्या आदेशांच्या आणि मुद्रणांच्या नोंदी यंत्रणांनी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात. हा नियम नागरिकाच्या खाजगीपणासाठीच केलेला आहे, आणि 1996 च्या निकालातील संरक्षणाच्या विचाराशी तो सुसंगतही आहे. मात्र त्यामुळे तीन वर्षांनी तक्रार घेऊन येणाऱ्या नागरिकाच्या हाती, आपला फोन ऐकला गेला होता हे दाखवणारा कागद उरण्याची शक्यताही संपते.